मंत्र्याला आव्हान घरातूनच!

लोकांची नाराजी निघते ती आमदार-मंत्र्यांवर. आणि ती कशी निघते, हे बीड जिल्ह्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

24 ऑक्टोबर 2019, विधानसभा निकालाचा दिवस. एकाच दिवशी जिल्ह्यातले दोन विद्यमान मंत्री पडले. परळीत पंकजा मुंडेंना चुलतभाऊ धनंजय मुंडेंनी तीस हजारांहून अधिक मतांनी हरवलं. बीडमध्ये जयदत्त क्षीरसागरांना पुतण्या संदीप क्षीरसागरांनी दोन हजारांच्या आतल्या फरकाने. दोन्हीकडे आव्हान देणारा घरातलाच! गावोगावचे कार्यकर्ते, नातीगोती, रुसवेफुगवे त्याला आधीपासून तोंडपाठ असतात. नाराज माणसाच्या दारात तो सगळ्यांत आधी पोहोचतो.

आव्हानवीरांचा दुसरा प्रकार चिकाटीचा. बजरंग सोनवणे 2019 च्या लोकसभेला प्रीतम मुंडेंकडून दीड लाखांहून जास्त मतांनी हरले. 2024 ला पुन्हा उभे राहिले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने जिल्हा ढवळून निघाला होता. 4 जूनच्या रात्री उशिरापर्यंत जीव टांगणीला लागला आणि अखेर पंकजा मुंडेंविरुद्ध ते 6,553 मतांनी निवडून आले.

याच जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ पुनर्रचनेत गेला, 2009 पासून तो नाही. पण मत आहेच. म्हणून चौसाळेकरांनो, पुढचा आव्हानवीर ओळखायचा असेल तर मागच्या निकालात दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, ते आधी बघा.