काळा ठसा आणि रंगाची एक जागा

रबरी शिक्का म्हटला की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती तहसील कचेरी. अर्जावर, नकलेवर आणि दाखल्यावर जांभळ्या शाईचे ते वर्तुळ उमटल्यावाचून कागदाला काही किंमत येत नाही, आणि ते उमटवणाऱ्या हाताला दणका देण्याची जी सवय जडलेली असते तिच्यात सौंदर्यदृष्टी शोधणे व्यर्थ होय. म्हणूनच चित्रकला-शिक्षकाच्या पदावरून निवृत्त होऊन वसमतेस स्थायिक झालेले माझे एक स्नेही रबराच्या ठशांनी संक्रांतीची भेटकार्डे करतात हे कळले, तेव्हा मला कुतूहलापेक्षा शंकाच अधिक वाटली. पौषातल्या थंडीत, शिवारात हळदीचे पीक काढणीच्या वाटेवर असताना, मी त्यांच्या ओसरीवर बसून ते काम पाहिले.

सरांजवळ (सारा गाव त्यांना सरच म्हणतो) ठसे आहेत ते दोन जातींचे. पहिले बाजारातून करवून आणलेले. पूर्वी शिक्का करणारा कारागीर शिशाचे खिळे जुळवी, त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घेई आणि त्यावर कच्चे रबर ठेवून दाबयंत्रात तापवी. गंधक मिसळून तापवलेले रबर पक्के होते या ज्या शोधाचे पेटंट चार्ल्स गुडइयरने १८४४ साली घेतले, त्या शोधावरच जगातल्या साऱ्या कचेऱ्यांचा हा व्यवहार उभा राहिला. आता संगणकावर अक्षरे जुळवतात आणि अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या एका द्रव राळेतून तासाभरात शिक्का हाती येतो. हे ठसे रेखीव असतात, पण सरांची खरी प्रीती दुसऱ्या जातीवर, म्हणजे साध्या खोडरबरावर स्वतः कोरलेल्या ठशांवर आहे. मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर आकृती काढावयाची, तो कागद रबरावर पालथा घालून नखाने घोटावयाचा, म्हणजे आकृती आपोआप उलटी उतरते आणि छापताना सुलटी होते. अक्षरांच्या बाबतीत मात्र कोरणाऱ्याचे चित्त ठिकाणावर असावे लागते, कारण उलट्या लिपीत ‘तिळगूळ’ या शब्दाची पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते, आणि शुद्धलेखनाचा संस्कार मुरलेला हात ती नकळत ‘दुरुस्त’ करू पाहतो. सरांच्या शेजारच्या दोन मुली सुटीच्या दिवशी मदतीला येतात. त्यांपैकी धाकटीने अशी दुरुस्ती एकदा केलीही आहे, आणि ते रबर सरांनी फेकून न देता खिडकीत मांडून ठेवले आहे.

शाईचा प्रश्न मला वाटला होता त्याहून गहन निघाला. कचेरीच्या पॅडातली शाई म्हणजे पाण्यात आणि ग्लिसरिनात कालवलेला रंग; ती दिसावयास सुकली तरी ओला कुंचला लागताच पसरते, आणि चित्राच्या कडेपासून जांभळा ओघळ वाहू लागतो. ज्याला ठशावर रंग भरावयाचा आहे त्याने एकतर कोरडी रंगीत पेन्सिल हाती घ्यावी, नाहीतर शाई तरी बदलावी. सरांनी शाई बदलली. छापखान्याची तेलमिश्रित काळी शाई ते काचेच्या तुकड्यावर रुळाने पातळ लाटतात आणि ठसा तिच्यावर हलकेच टेकवतात; दाबला तर शाई कोरलेल्या खाचांत शिरते आणि रेषा भरून जातात. कार्डाच्या खाली जुन्या वर्तमानपत्रांची चळत असते. ठसा कागदावर ठेवल्यावर मध्यभागी अंगठ्याचा आणि कडांवर बोटांचा भार द्यावयाचा व तो सरळ वर उचलावयाचा. किंचित डुलला तरी रेषेला जुळी रेषा फुटते. तेलाची शाई वाळण्यास एक रात्र जाते, तेव्हा त्या दिवशीचे काम तेथेच थांबते.

कागदही हवा तसा लागतो. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात फार जुन्या काळापासून होत आलेला हातकागद सरांना मनापासून आवडतो. पण त्याच्या खरबरीत अंगावर रबराचा ठसा तुटक उमटतो, आणि म्हणून छापण्याची जागा ते आधी गुळगुळीत दगडाने घोटून घेतात, जसे जुन्या काळी बोरूने लिहिण्यापूर्वी घोटीत असत.

यानंतरची जी क्रिया, तिच्यापाशी मी सर्वांत अधिक वेळ रेंगाळलो. सरांचे यंदाचे चित्र संक्रांतीच्या सुगडांचे: पुढे एक सुगड, मागे दुसरे, आणि त्यांच्या तोंडांतून डोकावणारे गाजर, हरभऱ्याचे घाटे, बोरे व उसाची कांडी. ठसा एकच, मग एकामागे एक दिसणारी दोन सुगडे कशी छापावयाची? मागचे आधी छापून पुढचे त्याच्यावर छापले तर दोहोंच्या रेषा एकमेकींतून आरपार दिसू लागतील. म्हणून पुढचे सुगड प्रथम छापतात. तोच ठसा पातळ कागदावर उमटवून तो आकार कात्रीने कापतात, वाळलेल्या पुढच्या सुगडावर तो नेमका झाकतात, आणि मग मागचे सुगड त्या झाकणावर निम्मे चढवून बेलाशक छापतात. झाकण उचलले की मागचे सुगड खरोखरच मागे गेलेले असते. यात मख्खी एवढीच की झाकणाचा कागद रेषेच्या किंचित आतून कापावा. बाहेरून कापला तर दोन सुगडांमध्ये पांढरी फट राहते आणि सारा भास ओसरतो.

पुढे मजकूर येतो. जुन्या दप्तरांतल्या पत्रांवर आरंभी मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे, जेणेकरून मोर्तबाच्या खाली कोणास एक अक्षरही घुसडता येऊ नये. सरांनी हा दंडक आपल्या कार्डाला जसाच्या तसा लावला आहे: वर सुगडे, आणि ‘गोड बोला’च्या खाली तिळाएवढा एक ठसा.

आणि आता रंग. काळ्या रेषांचे ते चित्र समोर आल्यावर बोरे लाल, गाजर केशरी आणि घाटे हिरवे करावेत असे कोणासही वाटेल. सर यांपैकी काहीही करीत नाहीत. सुगडाच्या अंगावर हळदीकुंकवाची जी बोटे ओढतात, तेवढीच ते रंगवतात. संक्रांत हा काळे वस्त्र शुभ मानणारा सण, तेव्हा काळ्याची त्यांना मुळीच अडचण वाटत नाही. आणि सारे पान काळे-पांढरे असल्यामुळे ती चार बोटे अशी काही उठून दिसतात की दृष्टी दुसरीकडे जाऊ म्हटले तरी जात नाही. २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या वसमतच्या हळदीचा पिवळा रंग कार्डावर असलाच पाहिजे, असा सरांचा स्थानिक अभिमानही आहे. हळद पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटात विरघळते. ते निवळ पिवळे द्रव्य कुंचल्याने लावले की कागदात जिरून जाते. त्यातच चुन्याच्या निवळीचा थेंब पडला तर ते डोळ्यांदेखत लाल होते, म्हणजे एकाच वाटीत हळद आणि कुंकू! परंतु तो लाल टिकत नाही, म्हणून कुंकवापुरती पेन्सिल वापरावी लागते. पिवळाही उजेडात उडतोच. हे मी बोलून दाखवले तेव्हा सर म्हणाले, “अहो, कार्ड म्हणजे काय सातबारा आहे, पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवायला? पाडव्यापर्यंत टिकलं तरी पुष्कळ.”

छापील रेषेवर हाताने रंग चढवण्याची ही रीत नवी नाही. इंग्लंडात हेन्री कोलने १८४३ साली नाताळासाठी जॉन हॉर्स्लीकडून काढवून घेतलेले ते सुप्रसिद्ध पहिले भेटकार्डही छापल्यावर हातानेच रंगवलेले होते. आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून आलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींना घरोघरच्या बायकांनी जर आणि टिकल्या चिकटवल्या, त्यादेखील सर्वत्र नव्हे, तर पदराच्या काठावर आणि दागिन्यांवर. पूर्ण रंगलेल्या चित्रातही आपली एक जागा राखून घेण्याची ही खटपट मला सरांच्या चार बोटांची आप्त वाटते.

तरीही एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. धाकट्या मुलीने सरांची नजर चुकवून एक कार्ड बोरा-गाजरांसकट संपूर्ण रंगवले होते. सरांनी ते आपल्या कार्डाशेजारी ठेवले आणि काही न बोलता मजकडे पाहिले. त्यांच्या कार्डाचा संयम निर्विवाद श्रेष्ठ होता. पण मुलीच्या कार्डावरचे बोर खावेसे वाटत होते, आणि तसे मी सांगूनही टाकले. सरांना ते फारसे रुचले नसावे.

सध्या पाडव्याच्या गुढीचा ठसा कोरणे चालू आहे, आणि रंगाची जागा कोणती यावर ओसरीत तंटा पडला आहे. सरांचा कौल कडुनिंबाच्या हिरव्याला आहे, मुलींचा साखरेच्या गाठीच्या गुलाबीला. आणि गाठी मुळात पांढरी असते, हा सरांचा आक्षेप, बाजारात गुलाबी गाठ्या ढिगांनी मिळतात या दाखल्यावर मुलींनी तूर्त तरी फेटाळून लावला आहे.