दोन-दोन रुपयांचा सिनेमा

सिनेमा म्हणजे पैसेवाल्यांचे काम, अशी आपली समजूत असते. मग १९७६ सालचा ‘मंथन’ कोणी काढला? गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी! प्रत्येकाने २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा विजय तेंडुलकरांची. दूध सोसायटीत दलित वस्ती सरपंचापुढे कशी उभी राहते, हे त्यात दाखवले आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले जॉन अब्राहम यांनीही केरळात गावोगाव सिनेमे दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला.

हे आठवण्याचे कारण आमच्याच वस्तीत घडले. जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आमच्याकडे आली. कचरा वेचणाऱ्या बायांवर पंधरा मिनिटांची फिल्म तिला परीक्षेसाठी करायची होती. तिची आईही त्याच कामात. कॅमेरा कॉलेजचा होता; पण आवाजाचे यंत्र, प्रवास, जेवण, हार्ड डिस्क, एडिटिंग मिळून ३८ हजारांचा खर्च होता. फिल्म झाली नसती तर तिचे वर्ष वाया गेले असते.

आम्ही वहीपेन घेऊन निघालो. दुसऱ्याच दारात आजींनी विचारले, “बाबा, मागच्या वर्गणीचा हिशेब कुठं हाय?”

आमची मान खाली गेली. त्या समितीत आम्हीही होतो. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब लिहायचे आणि आपल्या माणसांना हिशेब द्यायचा नाही, हे कसले समाजकार्य? आम्ही परत फिरलो. जुन्या पावत्या काढल्या. १,८४० रुपयांचा मेळ बसेना. ते आम्ही खिशातून भरले आणि सारा हिशेब समाजमंदिराच्या फळ्यावर लावला. मगच पुन्हा त्या दारात गेलो. आजींनी २० रुपये दिले आणि पावती मागून घेतली.

पुढे तीन नियम पाळले. वीस रुपये असोत की दोनशे, पावती द्यायची. मोबाइलवर आलेले पैसेही त्याच वहीत, नावासह लिहायचे. आणि दर रविवारी जमाखर्च फळ्यावर लावायचा. वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात एकाच्या खात्यावर ५० हजारांहून अधिक देणगी आली, तर ती रक्कम आयकरासाठी उत्पन्नात धरली जाते. मोठी रक्कम जमवायची तर सल्ला घेऊनच जमवावी. संकेतस्थळावरून जमवल्यास ते कमिशन किती कापतात, हेही आधी विचारावे.

दीड महिन्यात ३८,६२० रुपये जमले. फिल्म झाली. पहिला खेळ समाजमंदिरात, पांढऱ्या चादरीवर. आधी मुलीने स्वतः हिशेब वाचला. उरलेल्या ६२० रुपयांचे काय करायचे, हे तिने सभेलाच विचारले. महोत्सवाच्या प्रवेश फीसाठी ठेवा, असे ठरले.

मग दिवे गेले. चादरीवर तिची आई दिसली, पाठीवर पोते घेतलेली. लहान मुले ओरडली, “ही तर आपली मावशी!” मावशी मात्र दाराजवळ पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

बंधू-भगिनींनो, आपली मुले आता कॅमेरा हाती घेत आहेत. त्यांना जमेल ते द्या. पण हिशेब जरूर मागा. हिशेब मागणारा माणूस परका नसतो, तो भागीदार असतो.