कोयता सीमेपार, औषधपाणी सोबत

दसरा-दिवाळीनंतर नांदेडच्या कंधार-मुखेडकडची आणि लातूरच्या जळकोटकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात. काही टोळ्या कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. निर्वासित नसली, तरी पाच-सहा महिने त्यांचा संसार पालातच असतो. घर बदललं की उपचार तुटतात. ते टाळता येतं.

माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावं. त्यावरच्या नोंदी पाहून कुठल्याही राज्यातल्या सरकारी केंद्रात बाळाला पुढचा डोस मोफत मिळतो. गोवर-रुबेलाची पहिली लस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत.

क्षयाचे उपचार चालू असतील, तर निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगून ‘निक्षय’ क्रमांक घ्यावा. त्यावर दुसऱ्या जिल्ह्यातही गोळ्या सुरू राहतात.

जुलाब लागले तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची मोठी पुडी विरघळवून घोट-घोट पाजावं. मुलांना सोबत १४ दिवस झिंक. १९७१मध्ये बांगलादेश सीमेवरच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्याने हजारो निर्वासितांचे प्राण वाचवले.

रात्री-अपरात्री बाळंतकळा सुरू झाल्या, तर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक कर्नाटक-तेलंगणातही चालतो.