एका अंगणातील दोन कुळे

खेड्यातील पुष्कळ घरांच्या परसात कोंबड्या असतात. जवळपास तळे किंवा ओढा असला, तर त्यांच्या जोडीला बदकेही दिसतात. दोन्ही पक्षी दाणे टिपतात, अंडी देतात आणि माणसाच्या आश्रयाने राहतात. म्हणून दोघांना एकच जागा व एकच वागणूक चालेल, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. परंतु कोंबडीचे मूळ कुळ जंगलातील रानकोंबड्यांचे. पालापाचोळा उकरून किडे शोधणे आणि रात्री फांदीवर बसून झोपणे, हा त्या कुळाचा स्वभाव. बहुतेक पाळीव बदकांचे पूर्वज मात्र पाणथळ जागी राहणारी, हिरव्या डोक्याची रानबदके होत. हा भेद जो ओळखतो, त्याच्या अंगणात दोन्ही कुळे सुखाने नांदतात.

हा भेद अंड्यापासूनच सुरू होतो. कोंबडीच्या अंड्यातून सुमारे २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. बदकाच्या अंड्याला सुमारे २८ दिवस लागतात. पाळीव बदकाची मादी बहुधा अंड्यांवर नेटाने बसत नाही. म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. दोन्ही प्रकारची पिल्ले एकाच सुमारास निघावीत अशी इच्छा असेल, तर बदकाची अंडी ७ दिवस आधी ठेवावी लागतात.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केवळ मऊ लव असते. आपल्या शरीराची ऊब त्याला राखता येत नाही. आईचे पंख नसतील, तेथे दिव्याची ऊब द्यावी लागते. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत जातात. उष्णतामापक नसला, तरी फारसे अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांना बिलगून चिवचिवू लागली, तर त्यांना थंडी वाजत आहे. ती दूर सरून चोची उघडून धापा टाकू लागली, तर उष्णता अधिक झाली आहे. आणि ती सर्वत्र पसरून शांतपणे खेळत असतील, तर सारे ठीक आहे. पिल्लांना बोलता येत नाही. पण पाहणाऱ्याला त्यांची भाषा कळते.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही कुळांचे वेगळेपण विशेष दिसून येते. कोंबडीच्या पिल्लाला ओल सोसत नाही. ओलसर जागेत रक्ती हगवण बळावते व पिल्ले दगावतात. त्यांच्यासाठी पाण्याचे भांडे उथळ असावे. त्यात खडे घालून ठेवले, म्हणजे पिल्लू बुडण्याची भीती राहत नाही. बदकाच्या पिल्लाला याउलट चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी लागते; त्यावाचून त्याला नाक व डोळे स्वच्छ ठेवता येत नाहीत. ते पाण्याशी खेळते, शिंपडते आणि घटकाभरात जमीन चिंब करून टाकते. यासाठी लहानपणी दोघांची जागा निराळी ठेवणेच शहाणपणाचे. मात्र आईविना वाढणाऱ्या बदकाच्या पिल्लालाही पिसे येईपर्यंत तळ्यात सोडू नये. त्याची लव भिजते आणि ते गारठून मरते.

खाद्यातही सावधगिरी हवी. कणी, कोंडा, भरडलेले धान्य, पेंड आणि कोवळा पाला हे त्यांचे अन्न. परंतु ते कोरडे व ताजे असावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. बदकांच्या पिल्लांवरही तोच घाला आला. शोधाअंती असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती व त्या बुरशीत विष होते. बदकाचे पिल्लू या विषाला फार लवकर बळी पडते. म्हणून बुरसटलेले धान्य ‘पाखरांना चालेल’ असे म्हणून त्यांच्यापुढे टाकू नये.

पिल्ले मोठी झाली, तरी संकटे सरत नाहीत. दिवसा घार झडप घालते. मुंगूस आणि रानमांजरही टपून बसतात. सांज होताच कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरतात. बदकांना मात्र बहुधा हाकून आणावे लागते. दार लावण्याचा एका रात्रीचा विसरही साऱ्या कळपाला भोवतो. मानमोडी रोगावर औषध नाही, पण लस आहे. ती वेळेवर टोचून घ्यावी. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा कोंबड्यांचे कळपच्या कळप नष्ट करावे लागले. या रोगाचे विषाणू बदकाच्या शरीरात असूनही ते कधीकधी निरोगी दिसते. यास्तव पक्षी एकाएकी मरू लागले, तर मुलांनी त्यांना हात लावू नये. वडीलधाऱ्यांकरवी पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे. एरवीही पक्ष्यांचे काम आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत.

अशी निगा राखली, म्हणजे पाच-सहा महिन्यांत तलंग पहिले अंडे देते. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. म्हणून त्यांना सकाळी थोडे उशिरा बाहेर सोडतात, नाहीतर अंडी तळ्याकाठी हरवतात. पुढे कोंबड्या कोरड्या मातीत लोळून अंग साफ करतात, तर बदके पाण्यात डुंबून. दोघांनाही आपापल्या रीतीने जगू द्यावे, हेच त्यांच्या संगोपनाचे मर्म आहे. ज्याला सर्वांचे पालन करावयाचे आहे, त्याने प्रत्येकाची गरज निराळी ओळखली पाहिजे.