दुबईहून कॅमेरा मागवताय? आधी दिरहमचा हिशोब मांडा

रत्नागिरी-रायगडच्या किनारपट्टीवर आपल्या समाजाच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. त्यामुळे घरातल्या मुलाने लग्नाच्या फोटोग्राफीचा धंदा सुरू करायचं म्हटलं, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "दुबईच्या चाचांना सांग, तिकडे स्वस्त मिळतो." कधी ते खरं ठरतं, कधी साफ चुकतं. आणि चुकलं तर नुकसान पंचवीस-तीस हजारांपर्यंत जाऊ शकतं. धंदा उभा करू पाहणाऱ्या पोरासाठी ही रक्कम थोडी नाही. म्हणून चलनाच्या दराचा हा मामला आज सोप्या गणिताने समजून घेऊ. आम्ही शाळेत शतमान शिकवतो, त्याहून अवघड यात काहीही नाही.

दिरहम महागतो म्हणजे काय होतं?

संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून अमेरिकन डॉलरला बांधलेला आहे. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, हा भाव ठरलेला. सौदी रियालचंही तसंच, एक डॉलरला ३.७५ रियाल. याचा अर्थ असा, की डॉलरसमोर रुपया घसरला की दिरहम आणि रियालसमोरही तेवढाच घसरतो. बातम्यांत डॉलरचा भाव ऐकला, की त्याला ३.६७ ने भागा, दिरहमचा भाव हाती येतो. कुवेती दिनार मात्र एका डॉलरला बांधलेला नाही, तो अनेक चलनांच्या टोपलीशी जोडलेला आहे, म्हणून त्याची चाल थोडी वेगळी असते.

आता उदाहरण घेऊ. २०२२ च्या जानेवारीत डॉलर साधारण साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता, म्हणजे दिरहम सुमारे २० रुपये ३० पैसे. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉलरने ८३ रुपये ओलांडले, दिरहम २२ रुपये ६० पैशांच्या घरात गेला. समजा दुबईच्या दुकानात एक कॅमेरा लेन्ससकट ६,००० दिरहमला आहे. जानेवारीत त्याचे १,२१,८०० रुपये झाले असते, ऑक्टोबरात १,३५,६००. दुकानदाराने एक दिरहमही वाढवला नाही, तरी नऊ-दहा महिन्यांत आपल्याला तो १३,८०० रुपयांनी महाग पडला.

पण रुपया कुणासमोर घसरला?

"रुपया घसरला" हे वाक्य अर्धंच आहे. कुणासमोर घसरला, ते विचारायला हवं. कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पॅनासॉनिक या साऱ्या कंपन्या जपानच्या. जपानचं चलन येन. २०२१ च्या सुरुवातीला शंभर येनला सुमारे ७० रुपये मोजावे लागत होते. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६० येनच्या वर गेला तेव्हा तेच शंभर येन साधारण ५२ रुपयांना मिळत होते. म्हणजे या काळात दिरहम आपल्याला महाग होत गेला आणि येन स्वस्त होत गेला. टोकियोत एक लाख येनची लेन्स घेणाऱ्याला पूर्वी ७० हजार लागले असते, नंतर ५२ हजार. त्याच सुमारास दुबईहून लेन्स मागवणारा मात्र जास्त पैसे देत होता.

मग येन स्वस्त झाल्यावर आपल्याकडच्या दुकानात कॅमेरे लगेच स्वस्त का झाले नाहीत? कारण चलनाचा भाव रोज हलतो, किमतीची चिठ्ठी रोज हलत नाही. कंपनी प्रत्येक देशासाठी वेगळी किंमत ठरवते आणि ती काही महिने तशीच ठेवते. दुकानदाराकडे जुन्या भावाने आणलेला माल असतो. याचा फायदा गिऱ्हाइकाला घेता येतो. रुपया अचानक घसरला, तर इथल्या दुकानात काही आठवडे जुनी किंमत टिकून राहू शकते. अशा वेळी परदेशातून मागवण्याची घाई करू नये, इथेच चौकशी करावी.

छापलेला भाव आणि हातात पडलेला भाव

वर्तमानपत्रातला दर हा बँका आपसांत करतात त्या मोठ्या व्यवहारांचा असतो. तुम्ही-आम्ही मनी चेंजरकडे गेलो की दोन दर असतात, घेण्याचा वेगळा आणि विकण्याचा वेगळा. आपल्याला नेहमी महागडाच लागू होतो.

कार्डाने पैसे दिले तर बहुतेक बँका परदेशी व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आकार लावतात, आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. काही कार्डांवर हा आकार कमी असतो, म्हणून निघण्याआधी बँकेला विचारून घ्यावं. आणखी एक गोष्ट. दुकानातलं मशीन कधी कधी विचारतं, "रुपयांत द्यायचे की दिरहममध्ये?" रुपये ओळखीचे वाटतात म्हणून लोक रुपयांवर बोट ठेवतात. तिथे नेहमी दिरहमच निवडा. रुपये निवडले तर भाव तुमची बँक ठरवत नाही, मशीनवाली कंपनी आपला जास्तीचा हिस्सा धरून ठरवते.

पूर्ण हिशोब एकदा करून पाहू

गणितासाठी दिरहम २४ रुपये धरू. कॅमेरा तोच, ६,००० दिरहमचा. घेणारा पर्यटक म्हणून गेलेला आहे आणि भारतातल्या कार्डाने पैसे देतो.

मूळ किंमत : १,४४,००० रुपये.

कार्डाचा आकार साडेतीन टक्के, म्हणजे ५,०४० रुपये. त्यावर जीएसटी ९०७ रुपये. मिळून ५,९४७.

दुबईच्या किमतीत ५ टक्के व्हॅट असतो, तो २०१८ पासून लागू आहे. पर्यटकाला २५० दिरहमच्या वरच्या खरेदीवर त्यातला ८५ टक्के भाग परत मिळतो, फक्त दर बिलामागे ४.८० दिरहम फी कापतात. दुकान त्या योजनेत असायला हवं आणि विमानतळावर नोंद करायला हवी. आपल्या उदाहरणात २३८ दिरहम, म्हणजे सुमारे ५,७१३ रुपये परत येतील.

आता मुंबई विमानतळ. प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतचं सामान करमुक्त आणता येतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत आपल्या रहिवाशांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये होती. त्यावरच्या रकमेवर ३५ टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार, म्हणजे एकूण साडेअडतीस टक्के. सरकार हे आकडे बदलत असतं, म्हणून प्रवासाआधी कस्टम्सच्या वेबसाइटवर चालू आकडे पाहावेत. पद्धत समजण्यासाठी आपण हेच धरू. १,४४,००० मधून ५०,००० वजा केले, उरले ९४,०००. त्यावर ड्युटी ३६,१९० रुपये.

सगळी बेरीज-वजाबाकी केली की उत्तर येतं १,८०,४२४ रुपये. हाच संच इथल्या दुकानात समजा १,६५,००० ला मिळत असेल, तर दुबईचा "स्वस्त" कॅमेरा १५ हजारांनी महाग पडला.

यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. करमुक्त मर्यादा रुपयांत ठरलेली असते, ती दिरहमबरोबर वाढत नाही. समजा दिरहम २४ चा २५ झाला. कॅमेऱ्याची किंमत ६,००० रुपयांनी वाढली, आणि ते सगळे सहा हजार मर्यादेच्या वर गेले, म्हणून ड्युटीही २,३१० रुपयांनी वाढली. रुपया घसरला की मार दोनदा बसतो. कस्टम्स बाजारातला दर धरत नाही, सरकारने जाहीर केलेला आपला दर लावते, हेही ध्यानात ठेवा.

याच कारणाने छोट्या वस्तूचा हिशोब वेगळा होतो. १,८०० दिरहमची एकटी लेन्स म्हणजे ४३,२०० रुपये. सोबत दुसरं महागडं सामान नसेल तर ती मर्यादेत बसते आणि ड्युटी लागत नाही. मात्र एका कॅमेऱ्यासाठी दोन प्रवाशांच्या सवलती जोडता येत नाहीत. आणि खोकं फेकून, बिल लपवून "जुनाच आहे" म्हणण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. पकडलं गेलं तर दंड आणणाऱ्याला, ज्याने आपल्यावर मेहरबानी केली त्यालाच.

"चाचांचा पगार तर दिरहममध्ये आहे"

असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पगार दिरहममध्ये, खरेदी दिरहममध्ये, मग रुपयाशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. तेच ६,००० दिरहम चाचांनी घरी पाठवले असते तर पाठवणीचा थोडा खर्च सोडून १,४४,००० रुपये झाले असते. रुपया जितका घसरेल तितके घरी येणारे रुपये वाढतात, म्हणजेच दुबईत खर्च केलेला प्रत्येक दिरहम घराला अधिक महाग पडतो. वरच्या उदाहरणात इथला कॅमेरा १,६५,००० रुपयांचा, म्हणजे ६,८७५ दिरहम. तिकडून आणला तर ६,००० दिरहम अधिक ड्युटीचे सुमारे १,५०८, मिळून ७,५०८. पैसे पाठवून इथे घेणं सरस. शिवाय चाचा तिथले रहिवासी असल्यामुळे त्यांना पर्यटकांचा व्हॅट परतावा मिळत नाही. उमराहला गेलेल्यांना जिद्द्याहून कॅमेरा आणायला सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की सौदीत २०२० पासून व्हॅट १५ टक्के आहे.

दुसरा प्रश्न उधारीचा. चाचा म्हणाले, "घेऊन येतो, पैसे तीन महिन्यांनी दे." लेन्स १,८०० दिरहमची. आज २४ चा भाव, तीन महिन्यांनी २५ झाला. आता ४३,२०० द्यायचे की ४५,०००? फरक अठराशे रुपयांचा, पण एवढ्यावरूनही घरात मनं दुखावतात. म्हणून वस्तू घेण्याआधीच ठरवा, कर्ज दिरहमचं की रुपयांचं, आणि ते लिहून ठेवा. व्यवहार लिहून ठेवण्याची तालीम आपल्या घरांत आहेच.

धंदा करणाऱ्या मुलांसाठी

लग्नाचं पॅकेज रुपयांत ठरतं आणि कितीतरी महिने आधी ठरतं. त्या भरवशावर परदेशातून सामान घ्यायचं असेल, तर मधल्या काळात दर वाढून नफा खाल्ला जाऊ शकतो. म्हणून हिशोब करताना आजच्या भावात एक-दीड रुपया जास्त धरूनच परवडतं का ते पाहा. जीएसटी नोंदणी असेल तर इथे बिलावर घेतलेल्या कॅमेऱ्याच्या १८ टक्के कराची वजावट नियमानुसार मिळू शकते. बॅगेतून आणलेल्या वस्तूवर ती मिळत नाही. अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली त्या देशापुरतीच असते, आणि जपानच्या बाजारासाठी बनलेल्या काही कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो. ऐन लग्नसराईत कॅमेरा बंद पडला आणि दुरुस्तीला दुबईला पाठवायची वेळ आली, तर वाचलेले पैसे कुठे जातील ते सांगायला नको.

फोन उचलून चाचांना सांगण्याआधी एका कागदावर चार आकडे लिहा : तिथली किंमत, कार्डाचा किंवा मनी चेंजरचा खरा भाव, ड्युटी, आणि इथल्या दुकानाची बिलासह किंमत. पहिल्या तिघांची बेरीज चौथ्यापेक्षा खरोखर कमी आली, तरच फोन लावा.