विज्ञानाकडे वळा, एवढे म्हणणे पुरेसे नाही

दरवर्षी २८ फेब्रुवारी उजाडला की शाळा-महाविद्यालयांतून भाषणांचा सुकाळ होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली लावलेल्या शोधाचे स्मरण म्हणून १९८७ पासून हा राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. त्या दिवशी तरुणांना विज्ञानाची कास धरण्याचा उपदेश केला जातो आणि १ मार्चला हुशार विद्यार्थी पुन्हा प्रवेश-परीक्षेच्या शिकवणीला जातो. याचा दोष तरुणांच्या माथी मारणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही.

विद्यार्थी व त्याचे पालक जो हिशेब मांडतात, तो अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नसतो. बारावीनंतर चार वर्षांत अभियंता कमावू लागतो. मूलभूत विज्ञानाची वाट धरणाऱ्यास पदवी, पदव्युत्तर शिक्षण व पीएच.डी. मिळून सुमारे दहा वर्षे लागतात. या काळात बुडालेली मिळकत हा त्याचा वैकल्पिक खर्च होय. श्रीमंताच्या मुलाला तो परवडतो. ज्या घरी धाकट्या बहिणीचे शिक्षण थोरल्याच्या पगारावर अवलंबून आहे, तेथे परवडत नाही.

उलट, संशोधनाचे फळ मात्र एकट्या संशोधकाच्या पदरी पडत नाही. नवी लस, अधिक उत्पादन देणारे गव्हाचे वाण किंवा चक्रीवादळाची वेळेवर मिळालेली सूचना यांचा लाभ साऱ्या समाजाला होतो. लाभ सर्वांचा आणि जोखीम एकाची, अशी विभागणी असेल तर तेथे माणसे कमीच येणार. म्हणून ही जोखीम समाजाने वाटून घेतली पाहिजे.

आपण ती किती वाटून घेतो? २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधन व विकासावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक, तर दक्षिण कोरियात चार टक्क्यांहून अधिक आहे. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध योजना २०२१ मध्ये स्थगित झाली. १९९९ ची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर'मध्ये विलीन करण्यात आली. 'इन्स्पायर'ची वर्षाला ८० हजार रुपयांची शिष्यवृत्ती निश्चितच उपयुक्त आहे. संशोधक विद्यार्थ्यांची कनिष्ठ पाठ्यवृत्तीही २०२३ पासून ३७ हजारांवर गेली. परंतु पाठ्यवृत्तीचे मोल तिच्या आकड्याइतकेच तिच्या नियमितपणावर अवलंबून असते. घरभाडे दरमहा द्यावे लागते. ते अनुदानाची वाट पाहत थांबत नाही.

महाराष्ट्रात साधनांची वाण नाही. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी उभ्या आहेत. १९७२ साली केंब्रिज सोडून मायदेशी परतलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी पुण्यात 'आयुका' उभारली आणि मराठीतून विज्ञान घरोघरी नेले. मात्र ज्या शाळेत प्रयोगशाळेचे कुलूप केवळ तपासणीच्या दिवशी उघडते, तेथल्या मुलापर्यंत ही प्रेरणा पोहोचावी कशी?

तेव्हा तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पाठ्यवृत्ती वेतनाप्रमाणे ठरल्या तारखेस मिळावी; महाविद्यालयांतील विज्ञान-अध्यापकांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत; आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रयोग विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने करावा, यासाठी स्वतंत्र तरतूद असावी. एवढे केल्यावर तरुणांना उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल. कदाचित तेव्हा उपदेशाची गरजही उरणार नाही.