अंगणातील शोभेची झुडपे : निवड, जागा आणि छाटणी



घर बांधून झाले की दारापुढे चार फुलझाडे असावीत असे प्रत्येकाला वाटते. देवाला फुले मिळतात, घराला शोभा येते. रोप आणतो तेव्हा ते वीतभर असते, म्हणून आपण ते भिंतीला अगदी चिकटून लावतो. तीन वर्षांत तेच झाड खिडकी झाकते, वाट अडवते. मग कोयता घेऊन आपण ते कसेही तोडतो, आणि पुढच्या हंगामात फुले आली नाहीत की झाडाला नावे ठेवतो. झाड वाढून केवढे होणार हे लावतानाच पाहिले, तर कोयता चालवायची वेळ सहसा येत नाही.

निवड कशी करावी?

रोप घेताना तीन गोष्टी विचारा. हे किती उंच व किती रुंद होते? याला ऊन किती लागते? आणि हे विषारी आहे का?

जास्वंद पुरुषभर उंच व तेवढीच रुंद होते. तिला भरपूर ऊन हवे. सावलीत ती नुसती पाने धरते. मोगरा कमरेइतका ठेवता येतो, पण त्यालाही ऊन हवेच. तगर थोड्या सावलीतही फुलते, म्हणून घराच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला ती चालते. बोगनवेलीला कडक ऊन व कमी पाणी मानवते. पाणी जास्त झाले तर ती पालाच वाढवते, रंग धरत नाही. अनंताला चुनखडीची जमीन सोसत नाही. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर जमिनीतील लोह झाडाला मिळत नाही असे समजा. अशा जमिनीत अनंताचा हट्ट धरू नये. फारच हौस असेल तर मोठ्या कुंडीत पोयटा व शेणखत भरून लावावा.

शेताजवळ घर असेल तर आणखी एक विचार करा. संत्रा-मोसंबीच्या बागेजवळ कामिनी, म्हणजेच कुंती, लावू नये. लिंबूवर्गीय फळझाडांवरील सायला किडीला ती फार आवडते, आणि ही कीड ग्रीनिंग रोग पसरवते. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर तेवढा शेंडा लगेच कापून नष्ट करा. त्यातील काही जाती कपाशीवरही जातात.

जागा कशी ठरवावी?

झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे रुंद होणार, त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक अंतर भिंतीपासून सोडा. जास्वंद भिंतीपासून चार फुटांवर, मोगरा दोन फुटांवर. सुरुवातीला जागा मोकळी दिसते, दिसू द्या. तिथे दोन वर्षे झेंडू किंवा मेथी-कोथिंबीर घ्या. बोगनवेल काटेरी असते, म्हणून बैलांच्या वाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी ती नको. विजेच्या तारेखाली उंच होणारे काहीही लावू नका.

भारी काळ्या जमिनीत पाणी साचते व मुळे कुजतात. तिथे वीतभर उंच गादी करून त्यावर झाड लावावे. उन्हाळ्यात दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून तापू द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीस चांगली माती, एक-दोन घमेली कुजलेले शेणखत व दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळून भरा, आणि दोन पाऊस झाल्यावर रोप लावा. पिशवी कापून काढायची. मुळांचा गड्डा फुटू द्यायचा नाही.

छाटणी केव्हा व कशी?

साधा नियम असा: फुलांचा बहर संपला की छाटा, कळ्या धरू लागल्यावर छाटू नका. जास्वंद, कण्हेर, तगर व बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. त्यांची मुख्य छाटणी पावसाळ्याच्या तोंडाशी करावी. छाटलेल्या चांगल्या फांद्यांपासून त्याच वेळी रोपेही तयार करता येतात.

मोगऱ्याचे वेळापत्रक वेगळे. नोव्हेंबरअखेरीस पाणी तोडा, पंधरा दिवसांनी झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटा, उरलेली पाने काढा, मग खत व पाणी सुरू करा. उन्हाळ्यात फुलांनी झाड भरते. हीच छाटणी मार्चमध्ये केली तर बहर हातचा गेला. अनंताचा बहर संपताच हलकी छाटणी करावी. उशीर केला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात.

कोयत्याऐवजी धारदार छाटणीची कात्री घ्या. आधी वाळलेल्या, रोगट व एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघा आणि त्याच्या वर पाव इंचावर थोडा तिरपा काप घ्या. लांब खुंट ठेवला तर तो वाळतो व तिथून कीड-रोग आत शिरतो. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त झाड कापू नये. मोगऱ्यासारखी झाडे याला अपवाद. जुने, गचपण झालेले झुडूप तीन वर्षांत नवे करा. दरवर्षी सर्वात जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश बुंध्यापासून काढायच्या. जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळा भिजवून एकूण एक लिटर पाण्यात एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको.

छाटलेल्या फांद्या कुठे टाकाल?

हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका शेतकऱ्याला कण्हेरीचे कुंपण छाटून दाखवले. काप कसा घ्यावा ते सगळे सांगितले, पण फांद्या कुठे टाकायच्या ते सांगायचे राहिले. त्या गोठ्याजवळ पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दोन शेळ्या दगावल्या. चूक माझी होती. तेव्हापासून कात्री हातात घेण्याआधी मी ही गोष्ट सांगतो.

आपण म्हणाल, कण्हेरीला तर जनावर तोंड लावत नाही. ओल्या पाल्याला सहसा लावत नाही, कारण तो कडू असतो. पण वाळलेला पाला चाऱ्यात मिसळला की जनावर तो खाते, आणि वाळल्याने विष कमी होत नाही. मूठभर पानेसुद्धा घातक ठरतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बियांमुळे माणसेही दगावतात. घाणेरीच्या पाल्याने जनावराचे यकृत बिघडते, आणि उन्हात त्याची कातडी सोलवटते.

तेव्हा या झाडांच्या फांद्या मोजून गोळा करा आणि जनावरे व मुले जाणार नाहीत अशा जागी खोल पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. चुलीत घालू नका. कात्री व हात साबणाने धुवा. जनावराने पाला खाल्ला, लाळ गळू लागली, हगवण लागली किंवा ते अडखळू लागले, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि काय खाल्ले ते स्पष्ट सांगा.

घरात लहान मूल किंवा दारात शेळ्या असतील, तर कण्हेरीऐवजी कुंपणाला मेंदी लावा. ती छाटणी चांगली सोसते, आणि तिचा पाला सणावाराला घरातच उपयोगी पडतो.

आपल्या अंगणातील झाडांविषयी काही अडचण असेल तर कार्यक्रमाकडे जरूर लिहा. झाडाचे नाव, जमीन कशी आहे आणि शेवटची छाटणी केव्हा केली, एवढे मात्र पत्रात नक्की कळवा.